बियाण्याचा दोडका

सुभेदार मोहिते परसातले वेल लोकरीने बांधतात आणि लोकरीचा रंग वेलाच्या हुद्द्यावर ठरतो. दोडक्याला लाल, कारल्याला हिरवा, काकडीला पांढरा. काकडी त्यांच्या मते अजून रिक्रूट आहे. भेंडीला धागा मिळत नाही. ती आपली आपण ताठ उभी असते, म्हणून तिच्याबद्दल त्यांना आदर आहे.

कराडात त्यांचं आणि माझं घर एकाच कुंपणभिंतीच्या दोन बाजूंना आहे. रोज सकाळी सुभेदार भिंतीपाशी येतात. काखेत विणायच्या दोन सुया, खिशात लोकरीचा गुंडा, हातात पाण्याचा झारा. नमस्कार-चमत्कार होत नाहीत. थेट अहवाल सुरू होतो.

"गड्या, पोझिशन अशी हाय. स्वेटर खांद्यापर्यंत पोचलाय. वाकळ जाग्यावर. दोडक्यानं तार वलांडली. भेंडीवर माव्याच्या किडीचा हल्ला, राखेचा मारा चालू हाय."

विणकाम ते फौजेत शिकले. बर्फातल्या एका चौकीवर पत्ते भिजले होते, रेडिओ बंद पडला होता, तेव्हा एका गढवाली जवानाने त्यांच्या हातात सुया दिल्या. "उंगली चलाओ मोहिते, नहीं तो गल जाएगी," एवढंच प्रशिक्षण. क्रोशा ते नंतर शिकले, गोधडीचे टाके त्याहून नंतर. वर्षातून एकदा आटपाडीकडचा एक मेंढपाळ ओळखीने कच्ची लोकर आणून देतो. ती सुभेदार चातीवर काततात. एका हाताने चाती फिरवायची आणि दुसऱ्या हाताने वाफ्याला पाणी द्यायचं, असा त्यांचा एक प्रयोग होता. त्यात लोकर भिजली आणि वाफा कोरडा राहिला.

त्यांची बाग शिमग्याला सुरू होते. होळीची राख थंड झाली की ती ते पोत्यात भरून आणतात आणि आळी खणायला घेतात. समोरच्या कदमकाकूंना हे पटत नाही.

"आवं सुभेदार, बी मिरगाला टाकत्यात. तुमी उन्हाच्या तोंडाला टाकताय व्हय?"

"माल मे म्हैन्यात तयार पायजे, काकू."

"कुणाला?"

"पायजे," एवढंच बोलून सुभेदार खणू लागतात.

एका वर्षी बुलबुलांच्या जोडीने वेलांना बांधलेली लोकर ओढून नेली आणि जास्वंदीत लाल-पांढरं घरटं बांधलं. "शत्रूनं वर्दी पळवली," असं सुभेदारांनी जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी भिंतीवर लोकरीचे तुकडे मांडून ठेवलेले दिसले. बोटभर लांबीचे, सारखे कापलेले.

त्यांच्या घरात एकही गोष्ट पूर्ण नव्हती. नातीच्या स्वेटरची एक बाही विणून तयार होती, पण जोडलेली नव्हती. क्रोशाच्या तोरणाला शेवटचं पान नव्हतं. बाहेरच्या खोलीत जुन्या लुगड्यांची वाकळ पसरलेली असे. सगळीकडून टाके घातलेले आणि एक कोपरा उघडा. एकाच दिवसात ते तिन्ही कामं थोडी थोडी करत आणि तिन्ही थोडी थोडी शिल्लक ठेवत.

"सुभेदार म्हंजे आमच्या गल्लीचा रस्ता," कदमकाकू म्हणत. "कायम काम चालू."

त्यांच्या पत्नी शालनवहिनी पुण्याला मुलाकडे असतात. नात झाली तेव्हा दोन महिन्यांसाठी गेल्या होत्या. नात आता शाळेच्या बसने जाते. मे महिन्याच्या सुट्टीत वहिनी घरी येऊन जातात, त्याला सुभेदार रजा म्हणतात. "नोकरीत मी रजेवर यायचो, आता ती येती. फिट्टंफाट."

फोनवर त्यांचं बोलणं भिंतीच्या अलीकडे ऐकू येतं. "व्हय. जेवलो. व्हय. पाणी आलंय. इकडं समदं ठीक हाय. ठेव." "कवा येतीस?" हा प्रश्न मी कधी ऐकला नाही. फोन ठेवला की ते सुया घेऊन ओट्यावर बसतात.

वाकळ पुरी का करत नाही, असं मी एकदा विचारलं.

"तिचं पोट भरायचं ऱ्हायलंय," ते म्हणाले.

त्यांच्या घरची पद्धत अशी, की वाकळेचा शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत घास ठेवायचा. चतकोर भाकरी, वर हळदकुंकू. उपाशी वाकळ ऊब देत नाही. तो घास घरच्या बाईने घालायचा.

"आणि स्वेटरची बाही? तिला पण घास लागतो?"

सुभेदारांनी दोन-तीन टाके घातले. मग म्हणाले, "मी रजेवर यायचो ना, तवा बाज कायम ढिली असायची. शेत, जनावरं, पोरगं, समदं ती एकटी बघायची. पण बाजंची दोरी ताणायची न्हाई. म्हणायची, ह्ये तुमच्या वाटणीचं. मग पैल्या दिवशी मी दोरी ताणत बसायचो. दोरी ताणली की वाटायचं, आलो घरला."

एवढं बोलून ते माव्याकडे वळले.

यंदा मे महिन्यात आष्ट्याला नात्यातलं लग्न निघालं. पुण्याची मंडळी वाटेत एक दुपार कराडात थांबणार होती. सुभेदारांनी वाफे झाडले, वेलांचे धागे बदलले, पहाटे उठून स्वतः भाकरी थापली. तिची एक कड करपली होती. मला चहाला बोलावणं आलं.

शालनवहिनींनी पाणीसुद्धा बसून घेतलं नाही. खोलीभर नजर फिरवली.

"आवं, काय ह्यो पसारा! एक तरी काम तडीला न्या की."

त्यांनी पदर खोचला, बाजेवर बसल्या आणि वाकळ ओढून घेतली. भाकरी मागितली, ती झाकून तयारच होती. घास आत गेला, कोपरा बंद झाला. मग त्यांनी स्वेटर उचलला.

"ऱ्हाऊ दे की," सुभेदार दारातून म्हणाले. "पुढच्या खेपंला कर."

"पुढच्या खेपंला कशाला? दोन टाक्यांचं काम."

बाही जोडली गेली. तोरण हातात आलं.

"ते तरी ऱ्हाऊ दे."

"का? दार वाट बघतंय."

मुलगा आत झोपला होता, नात ओट्यावर काकडी खात होती. शालनवहिनींचा हात फौजी शिस्तीचा होता. चहा उकळेपर्यंत पानही झालं. सुभेदार परसात गेले आणि टळटळीत उन्हात, सकाळी पाणी दिलेल्या वाफ्यांना पुन्हा पाणी घालू लागले.

वहिनींनी दातांनी धागा तोडला आणि मोठ्याने विचारलं, "आता काय ऱ्हायलं?"

"काय न्हाई," परसातून उत्तर आलं. "झालं समदं."

वहिनी उठल्या. उठताना सवयीने त्यांनी बाजेची दोरी दाबून पाहिली. दोरी ताठ होती. त्या तशाच थांबल्या, दोरीवर हात ठेवून. मग वाकळेच्या बंद कोपऱ्याकडे पाहिलं, तोरणाकडे पाहिलं आणि दारातून परसाकडे पाहिलं. सुभेदारांची पाठ दिसत होती.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मुलगा उठून गाडीत जाऊन बसला होता.

वहिनी टोपली घेऊन परसात गेल्या. भेंडी काढली, कारली काढली, दोडके काढले. एक मोठा दोडका त्यांनी सोडला. सुभेदारांच्या खिशातून लोकरीचा गुंडा ओढला, लाल धागा तोडला आणि त्या दोडक्याच्या देठाला दोन गाठी मारल्या.

"ह्याला कुणी हात लावायचा न्हाई. बियाण्याला ठेवलाय. वाळला की मी येऊन काढीन."

"व्हय," सुभेदार म्हणाले. झारा खाली ठेवून, पाय जुळवून.

वाकळ, स्वेटर आणि टोपली गाडीतून गेली. तोरण दाराला राहिलं.

आता श्रावण संपत आला आहे. बाकीचे वेल केव्हाच उपटले, तारेवर एकच उरला आहे, तोही वाळलेला. त्यावर तो एक दोडका लटकतो आहे, तपकिरी आणि हलका. वरून दुधाची रिकामी पिशवी बांधली आहे, ती पावसासाठी. वाळलेल्या दोडक्याचं टोक गळून पडतं आणि बिया सांडतात. ते होऊ नये म्हणून सुभेदारांनी टोकाला लोकरीची टोपी विणून घातली आहे. टोपी पूर्ण आहे. शेवटची गाठसुद्धा मारलेली आहे.

"आवं, खडंग वाळला की त्यो!" परवा कदमकाकू परसात डोकावून म्हणाल्या. "काढा बी, न्हाईतर कुजंल."

"ऑर्डर न्हाई," सुभेदार म्हणाले.

त्या गेल्यावर त्यांनी बोटाने दोडका हळूच हलवला. आत बिया खुळखुळल्या. त्यांनी कान दिला, मान हलवली, पिशवी नीट केली आणि भिंतीपाशी आले.

"गड्या, पोझिशन अशी हाय," ते म्हणाले. "दोडका जाग्यावर."