डब्यातली लाल केसांची बाई

आधीच सांगते, यातला एक शब्द तुला खरा वाटायचा नाही. लाव पैज. आणि वाटलाच खरा, तर तुझ्याइतकं भोळं माणूस उभ्या जन्मात पाहिलं नाही असं मी समजेन. ऐक तर.

एक कारकून होता. दिवसभर कचेरीत कागदांवर शिक्के मारायचा आणि घरी आला की लेखक व्हायचा. (त्याला काय लागतं? कपडेसुद्धा बदलावे लागत नाहीत.) त्यानं लहान मुलांसाठी एक पुस्तक लिहिलं. पुढचं अर्धं माणसाच्या शरीराचं: घास कुठून कुठं जातो, शिंक का येते, छाती का धडधडते. मागचं अर्धं माती, पाणी, हवा आणि कचऱ्याचं. पुस्तक चांगलं होतं हो, खोटं कशाला बोलू.

बिघडलं ते एका वाक्यानं. कचऱ्याच्या धड्याखाली थोडी जागा उरली होती, आणि मोकळी जागा दिसली की या माणसाचे हात शिवशिवायचे. त्यानं लिहून टाकलं, की मुलांनो, माझ्या घरातला ओला कचरा घराबाहेर जातच नाही, मी स्वतः त्याचं खत करतो.

छापायच्या आधी बायकोनं ते वाचलं. तिनं एवढंच विचारलं, की मग केळ्याची सालं खिडकीतून कोण भिरकावतं, भूत? तो म्हणाला, लिहिण्यात थोडं अधिकउणं चालतं. त्यावर ती म्हणाली, तुमचं हे अधिकउणं एक दिवस माझ्या दारात येऊन उभं राहील, तेव्हा मला हाक मारू नका. आणि वर हेही बजावलं, की यापुढं एक थाप जरी पकडली तर मी बहिणीकडे जाईन ती परत यायची नाही.

पुस्तक निघालं आणि प्रकाशकाच्या जिन्याखाली गठ्ठ्यानं पडून राहिलं. प्रकाशक म्हणाला, हे खपलं नाही तर पुढचं लिहायचे कष्ट घेऊ नका. झालं, आमच्या लेखकाचं जेवण सुटलं. तेवढ्यात एका शाळेतल्या बाईंचा फोन आला. पुस्तक आवडलं, सगळ्या वर्गांना लावायचं मनात आहे, फक्त मुलांना तो खताचा डबा आधी डोळ्यांनी बघायचाय. शनिवारी सकाळी येऊ का?

आता शहाणा माणूस काय म्हणाला असता? हा म्हणाला, 'या की, अवश्य या.'

बायको बहिणीकडे गेलेली, येणार रविवारी. त्याला वाटलं, देवच पावला. नवा डबा आणला. पण नव्या डब्यात खत कुठून येणार? त्याला महिने लागतात, हे त्यानंच तर लिहिलं होतं. मग आठवलं, खालच्या मजल्यावर नाच शिकवणारी बाई राहते, तिच्या गॅलरीत खताचा जुना डबा आहे. तिला सगळे भिंगरी म्हणायचे. तो तिच्याकडे गेला आणि एका दिवसापुरता डबा मागितला. लोक साखर मागतात, हा कचरा मागत होता. भिंगरी म्हणाली, न्या, पण हळू न्या, गांडुळांना चक्कर येते. मग हा डबा पोटाशी कवटाळून जिना चढला. गांडुळांचं माहीत नाही, याला मात्र आली.

शनिवारी मुलं आली. जिन्यात चपलाबुटांचा ढीग. यानं डब्यावर हात ठेवून असं भाषण ठोकलं, की जसा काही तो डबा याच्याच पोटी जन्मला. बाई मान डोलवत होत्या. एवढ्यात दोन वेण्यांची एक मुलगी पुढं आली आणि म्हणाली, 'काका, आता तुमच्या पुस्तकातला प्रयोग करायचा ना?'

याला आठवेना कुठला. मुलीनं पान उघडून दाखवलं. 'कचऱ्यावरून घर ओळखा.' डबा कागदावर ओता, थर वेगळे करा, भिंगातून बघा आणि त्या घरात कोण राहतं, काय खातं ते सांगा. यानंच लिहिलेलं. लिहिताना स्वतःवर खूश होऊन बायकोकडे दुसरा चहासुद्धा मागितला होता.

नाही म्हणायच्या आत डबा पालथा झाला. मुलांनी हातमोजे चढवले, भिंगं काढली, आणि बैठकीच्या खोलीत पोलीस बसावेत तशी बसली. पहिल्यांदा लिंबाची सालं निघाली, ढीगभर. मग वाळलेल्या गुच्छाची फुलं. नखांचा रंग पुसलेला कापूस. दोन-तीन चमकत्या टिकल्या. आणि केस. हातभर लांब, लालभडक रंगवलेले केस.

मुलं भिंतीवरच्या फोटोकडे बघायला लागली. फोटोत बायको होती. मानेपर्यंत कापलेले केस, अर्धे पांढरे.

'या घरात तिघं राहतात,' वेण्यांची म्हणाली. 'काका, काकू आणि एक लाल केसांची बाई. ती लिंबूपाणी पिते.'

'पाहुणी असेल,' बाई घाईघाईनं म्हणाल्या.

'नाही बाई. केस वरच्या थरातपण आहेत आणि अगदी खालच्या काळ्या थरातपण. म्हणजे ती पुष्कळ महिन्यांपासून राहते.'

आणि नेमकी तेव्हाच, एक दिवस आधी, बायको दारात. हातात पिशवी. किती वेळ उभी होती कोण जाणे. केसांचा तो गुंता मुलीच्या चिमटीत लोंबत होता, तिकडे ती बघत राहिली. तोंडावरची माशी हलेल तर शपथ.

बिचाऱ्याची अवस्था काय सांगू. पुढं आड, मागं विहीर. डबा माझा म्हणावं तर संसार गेला, डबा माझा नाही म्हणावं तर पुस्तक गेलं आणि लेखकही गेला. त्यानं तिसरी वाट काढायचा प्रयत्न केला. म्हणाला, की मावशीची एक नात मध्यंतरी शिकायला होती आमच्याकडे...

'बाई, काकांचे कान बघा,' वेण्यांची म्हणाली आणि पुस्तकाचं पुढचं अर्धं उघडलं. तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं, की लाज वाटली की कानांतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि कान लाल होतात, तोंडाला कोरड पडते, तळहातांना घाम सुटतो. एकीनं तळहात तपासला. एकीनं मनगट धरून नाडी मोजली आणि म्हणाली, पळणाऱ्या माणसाची लागते तशी लागतेय. ज्यानं एवढं शरीर समजावून सांगितलं, त्याचं स्वतःचं शरीर चारचौघांत त्याच्याविरुद्ध साक्ष देत होतं. कुठं तोंड लपवावं कळेना. तोंड लपवलं असतं तरी कान बाहेरच राहिले असते.

शेवटी त्यानं खाली बघितलं. कचऱ्याकडेच बघून बोलला.

'डबा माझा नाही. खालच्या मजल्यावरून मागून आणलाय. मी कधीच खत केलं नाही. पुस्तकातलं ते वाक्य खोटं आहे.'

बाईंनी पुस्तक मिटलं. वेण्यांच्या मुलीनं मात्र परत त्याच्या कानांकडे बघितलं.

'अजून लालच आहेत,' ती म्हणाली. 'बाई, हेपण खोटं बोलताहेत.'

घे. जन्मात एकदा खरं बोलला, तर पोरं मानेनात. तो बायकोकडे बघायला लागला, बुडणारा माणूस ओंडक्याकडे बघतो तसा. बायकोनं पिशवी खाली ठेवली. पदर तोंडाला लावला. त्याला वाटलं रडतेय, तर ती हसत होती. हसून हसून दाराची चौकट धरली तिनं.

'खरं बोलताहेत ते,' ती मुलांना म्हणाली. 'अरे, हे रात्री असे घोरतात की खिडक्यांच्या काचा थरथरतात. ओला टॉवेल गादीवर टाकतात. पायाची नखं कापून बशीत ठेवतात. स्वतःच्या जोक्सना स्वतःच हसतात. मी राहते कारण मला सवय झाली. दुसरी कुठली बाई यांच्यासोबत महिनोन्‌महिने राहील, आणि वर केस रंगवून?'

मुलांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. आपसात कुजबुज झाली. पुरावा सगळ्यांना पटला. बाई म्हणाल्या, ते वाक्य खोडा, स्वतःचा डबा भरा, आणि खत झालं की कळवा, मग पुस्तकाचं बघू. तो बरं म्हणाला. दुसरं म्हणणार काय?

जाताना वेण्यांची मुलगी कागद घेऊन परत आली. त्यावर तिनं निष्कर्ष लिहिला होता: 'काकांकडे दुसरी बाई असणं शक्य नाही.' म्हणाली, काका, खाली सही करा, प्रयोग ज्याच्यावर केला त्याची लागते.

आणि त्यानं केली. पेनाची शाई नीट उमटली नाही, म्हणून परत एकदा गिरवून केली.

आता उठ बघू. दार ओढून घे, आणि जा.