ऐकू न आलेलं गाणं

टाळी कोणीच वाजवली नाही. जत्रेच्या त्या विस्तीर्ण मैदानावर हजारो माणसं उभी होती आणि समोरच्या मंचावरून एकही सूर येत नव्हता. गाणं संपलं म्हणावं, तर ‘रस्टी हिंज’चे चारही वादक अजून वाद्यांवर वाकलेले होते, चालू आहे म्हणावं, तर दोन्ही बाजूंचे प्रचंड स्पीकर बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतींसारखे मुके होते. व्हरमाँटच्या टेकड्यांवरून सप्टेंबरचं कलतं ऊन उतरत होतं. पलीकडे प्रदर्शनाच्या गोठ्यात एक शेळी खाकरली.

कॉर्विन टिलसनने श्वास रोखून धरला. ते त्याचं कर्तव्यच होतं, कारण तो टेपवाल्यांच्या राखीव चौकोनात उभा होता. ‘रस्टी हिंज’ कोणतंही गाणं दोनदा सारखं वाजवत नसे. गाण्याला सुरुवात असे, बहुधा शेवटही असे, आणि मधला सारा प्रदेश त्या त्या दिवसाच्या हवेवर सोडून दिलेला असे. म्हणूनच रसिकांनी आपापली यंत्रं आणून प्रत्येक कार्यक्रम ध्वनिमुद्रित करावा, अशी बँडनेच मुभा दिली होती. साउंडवाल्याच्या तंबूला लागून उंच दांड्यांवर मायक्रोफोनांचं रान उभं राही, आणि त्या रानात एकच कायदा चाले: बोलायचं नाही, शिट्टी मारायची नाही, आणि शिंक आली तर ती दोरीबाहेर नेऊन द्यायची.

या कायद्याच्या हद्दीत आज कॉर्विनने बायकोला आणलं होतं.

मेरेडिथ दातांच्या दवाखान्यात काम करी. दिवसभर परक्या जबड्यांत वाकून तिची कंबर धरलेली असे, आणि तिला आयुष्यात हवी असलेली एकच गोष्ट, तिचा विणकामाचा माग, गॅरेजमध्ये सुटा होऊन पडला होता. कारण घरातली मागची खोली कॉर्विनच्या टेपांनी जमिनीपासून छतापर्यंत भरलेली होती.

“एकदा येते तुझ्याबरोबर,” ती म्हणाली होती. “पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत बसते. तू म्हणतोस ते मला क्षणभर जरी जाणवलं, तर खोली तुझी. नाहीतर सोमवारी माग आत, आणि टेपा तुझ्या बहिणीकडे.”

“तिचं तळघर ओलं आहे गं.”

“मग देवाचं नाव घे.”

देवाने आतापर्यंत फारसं मनावर घेतलेलं नव्हतं. दुपारभर मेरेडिथ घडीच्या खुर्चीवर शाल लपेटून, रांगेत नंबर लागायची वाट पाहणाऱ्या माणसासारखी बसली होती. दोन गाण्यांच्या मधल्या टाळ्यांत तिने एवढंच विचारलं होतं, “हे मघाचंच गाणं होतं?”

“मघाचंच.”

“पण ते संपलं होतं ना?”

“तो मुक्काम होता.”

आणि आता ही शांतता. टेपवाल्यांत सर्वांत ज्येष्ठ असलेला थर्मन शेजारीच उभा होता. त्याच्या पांढऱ्या दाढीत डोळ्यांतलं पाणी वाट काढत उतरत होतं. त्याने स्वतःच घालून दिलेला कायदा मोडला आणि कॉर्विनच्या कानाशी तोंड नेलं.

“पोरा, हे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.”

“काय करताहेत पण?”

“वाजवताहेत. न वाजवता.”

हे वाक्य कुजबुजीच्या पायांनी मैदानभर फिरून आलं. पुढच्या रांगेतली अनवाणी मंडळी आधी डोलू लागली, मग नाचू लागली. गवतावर पाय घासल्याचा तेवढा सळसळाट उठला आणि विरला. चीज घातलेले पाव भाजणाऱ्या माणसाने तव्यावरचा चरचराट ऐकून शरमेने शेगडी बंद केली. सुरक्षारक्षकाने टोपी काढून छातीशी धरली. शंका कोणाच्याच मनात नव्हती असं नाही. पण ज्याच्या मनात ती येई, तो शेजाऱ्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाही आणि आपलेही मिटून घेई.

साउंडवाला डेल तर घामाघूम झाला होता. त्याच्या समोरचे हिरवे दिवे जोरात नाचत होते, म्हणजे मंचावरून आवाज येत होता; बाहेर मात्र पडत नव्हता. पण गेल्याच मोसमात बँडने मुद्दाम काढलेला एक कर्कश घोगरा आवाज त्याने दोष समजून दुरुस्त केला होता आणि त्याबद्दल महिनाभर बोलणी खाल्ली होती. आता त्याने दोन्ही हात खिशांत घातले.

आणि मंचावर गिटारवाला हॅडली, समोरचं ते तल्लीन, अश्रू ढाळणारं, निःशब्द नाचणारं मैदान पाहून अधिकच खोल उतरत चालला होता. गुडघे वाकलेले, चेहरा वर. हरवलेलं एखादं माणूस दूरच्या वळणावर दिसावं, तसा.

कॉर्विनच्या कोपराला कोणीतरी स्पर्श केला. मेरेडिथ. तिचे डोळे ओले होते.

“कॉर्विन,” ती अगदी हळू म्हणाली, “हे छान आहे.”

“काय?”

“हेच. इतकी माणसं, आणि कोणीच काही बोलत नाही. तू का येतोस, ते आज कळलं मला.” तिने नाक ओढलं. “खोली राहू दे तुझी.”

कॉर्विनच्या आत कुठेतरी, वर्षानुवर्षं बंद असलेली खिडकी कोणी अलगद ढकलावी, तसं झालं. कृतज्ञतेने त्याने वाकून तिची घसरलेली शाल सारखी केली, आणि शालीखालून निघालेली एक पांढरी वायर त्याला दिसली.

वायर गवतातून सरपटत तंबूच्या कनातीखाली शिरत होती. कॉर्विनने कनात बोटभर उचलली. आत विजेची पेटी होती. तिच्या एका खाचेत मेरेडिथच्या कंबर शेकायच्या गादीचा प्लग आरामात बसला होता. आणि शेजारी, मातीला लागू नये म्हणून कागदी रुमालावर नीट ठेवलेला, एक जाडजूड काळा प्लग पडला होता. कॉर्विनने तो उलटा केला. खालच्या बाजूला पांढऱ्या पट्टीवर लिहिलं होतं: ‘मोठे स्पीकर. हात लावू नये.’

“हे तू कधी केलंस?” त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

“कंबर फारच भरून आली रे मघाशी. तुझे डोळे मिटलेले होते. विचारणार होते, पण तुमचा तो कायदा.”

कॉर्विनने मंचाकडे पाहिलं. वादकांच्या कानांत बारीक यंत्रं होती. आपलं वादन त्यांना त्यांतून स्वच्छ ऐकू येत होतं. म्हणजे हॅडली खरोखरच वाजवत होता, कदाचित जन्मात वाजवलं नसेल असं, आणि ते जगात फक्त चार माणसं ऐकत होती. टेपवाल्याच्या धर्मात याहून घोर पाप नव्हतं. प्लग बदलायला क्षण पुरला असता. पण त्या क्षणाच्या पलीकडे मागच्या खोलीत माग उभा होता, आणि बहिणीच्या तळघरात बुरशी वाट पाहत होती. कॉर्विनने हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. लांबून पाहणाऱ्या एकाला तो नाचतोय असं वाटलं आणि त्या माणसाने प्रेमाने मान डोलावली.

शेवटी निर्णय मेरेडिथच्या कंबरेने घेतला. गादी तापून चटके देऊ लागली. मेरेडिथने वाकून आपला प्लग काढला आणि दुसऱ्याची वस्तू जिथली तिथे ठेवणाऱ्या नीटनेटक्या बाईप्रमाणे काळा प्लग परत खाचेत बसवला.

हॅडली नेमका त्याच वेळी शिखरावर पोहोचला होता. स्पीकरांतून ते शिखर, धरणाची भिंत फुटावी तसं, मैदानावर कोसळलं. हजारो कंठांतून एकच आरोळी उठली. थर्मन गवतात बसकण मारून हमसून हमसून रडू लागला. डेलने खिशातून हात काढले आणि हे आपणच केल्याचा चेहरा केला.

मेरेडिथने कानांवर हात ठेवले. “बिघडवलंच शेवटी,” ती म्हणाली.

कार्यक्रम संपला. ऊन अजून टेकडीच्या माथ्यावर रेंगाळत होतं आणि अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. अशा वेळी, गळ्यात टॉवेल टाकून, स्वतः हॅडली टेपवाल्यांच्या चौकोनात आला. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. तो सर्वांत जवळच्या दांडीपाशी थांबला. ती कॉर्विनची होती.

“मित्रा, मधला तो भाग आहे ना तुझ्याकडे? डेलचं ध्वनिमुद्रणाचं यंत्र स्पीकरांच्याच वायरीवर होतं, त्याच्यात काही आलंच नाही म्हणतो.” हॅडलीने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. “मला असं कधीच सुचलं नव्हतं रे. आणि आता आठवत नाही. एवढं एकदा ऐकव.”

“आहे की,” थर्मनच अभिमानाने म्हणाला. “सगळंच्या सगळं आहे. एक श्वाससुद्धा सुटलेला नाही.”

कॉर्विनने ती जागा लावली. हॅडलीने हेडफोन चढवले आणि डोळे मिटले. गवत सळसळलं. शेळी खाकरली. कोणीतरी नाक ओढलं. हॅडलीने आवाज वाढवला. शेळी पुन्हा, अधिक जवळून, खाकरली.

“आम्ही कुठे आहोत यात?” हॅडलीने विचारलं.

थर्मनने छातीवर हात ठेवला. “तेच तर, दादा. तेच तर.”

हॅडलीने कॉर्विनकडे पाहिलं. कॉर्विनने गवतातल्या कागदी रुमालाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. पण तेवढ्यात गादीची गुंडाळी काखेत मारून मेरेडिथ पुढे आली.

“मला संगीतातलं काही कळत नाही,” ती हॅडलीला म्हणाली, “आणि तुमचं बाकीचं काही मला आवडलं नाही, खोटं कशाला बोलू. पण तो मधला भाग मी जन्मभर विसरणार नाही. त्याच्यापायी मी एक अख्खी खोली सोडली आहे. एक विचारू? पुढच्या वेळी तेवढंच वाजवाल का, जरा जास्त वेळ?”

हॅडलीने हेडफोन काढले, दांडीच्या आकड्याला अलगद अडकवले, आणि शेळ्यांच्या गोठ्याकडे चालू लागला.