हौसाक्काचं चाक आणि स्वावलंबन सप्ताह

एका जंगलात, बाळांनो, एकच ट्रॅक्टर होता. जंगलात ट्रॅक्टर कुठून आला, असं विचारू नका. गोष्टीतला सिंह भाषण ठोकतो ते तुम्हाला चालतं, मग ट्रॅक्टरनेच काय घोडं मारलंय?

हा ट्रॅक्टर हौसाक्का नावाच्या अस्वलिणीचा होता. ओढ्याकाठी तिचं काळं रान होतं. त्यात ती ज्वारी पेरायची. नुकताच पाऊस होऊन गेला होता आणि जमिनीला छान वापसा आला होता. वापसा म्हणजे माती चिखल नसते आणि ढेकूळही नसते, ती मधली वेळ. फार टिकत नाही. तेवढ्यात पेरलं तर ज्वारी, नाहीतर वर्षभर वारुळं चाटत बसायचं.

हौसाक्काने ट्रॅक्टर रानाकडे काढला आणि बांधावरच मागचं चाक बसलं. साळिंदराचा काटा टायरमधून थेट ट्यूबमध्ये घुसला होता.

एरवी तिने एक हाक मारली असती तरी अख्खं जंगल धावून आलं असतं. पण त्याच सकाळी वनराज सिंहांनी स्वावलंबन सप्ताह जाहीर केला होता. भाषण कोल्ह्याने लिहिलं होतं, कागद माकडाने धरला होता आणि वनराजांच्या अंगावरच्या माश्या दोन हरणं हाकत होती. "प्रत्येकाने आपापल्या पायांवर उभं राहावं," वनराज आडवे पडून म्हणाले. "या सप्ताहात कोणी कोणाला मदत केली, तर करणाऱ्याला आणि घेणाऱ्याला जंगलाबाहेर हाकलण्यात येईल."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रत्येकाने आपापल्या, अर्थात.

हौसाक्काने बाही नसलेले हात सरसावले. एकटीने करायचं म्हणजे आधी डोकं चालवायचं, हे तिला ठाऊक होतं. तिने पुढच्या चाकांना दगड लावले. चाक जमिनीवर असतानाच पाना घालून नट सैल केले. ट्रॅक्टरचं वजन वाढावं म्हणून मागच्या ट्यूबमध्ये पाणी भरलेलं असतं, ते सोडून दिलं. मग जॅक लावला.

तेवढ्यात स्वावलंबन निरीक्षक कोल्हेसाहेब खुर्चीत बसून आले. खुर्ची चार सशांनी उचलली होती. ती मदत नव्हती, ती व्यवस्था होती.

"हा जॅक तुम्हाला मदत करतोय का?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई सायेब," हौसाक्का म्हणाली. "त्यो आपला नुसता हुबा हाय."

"आणि त्याच्या डोक्यावर ट्रॅक्टर?"

"त्येची त्येला हौस."

साहेब जॅकच्या भोवती एक फेरी मारून आले. जॅक काही बोलला नाही. त्याच्यावर संशय ठेवून साहेब पुन्हा खुर्चीत बसले.

हळूहळू गर्दी जमली. हरणं आली, माकडं आली, रानडुकरं पोरंबाळं घेऊन आली. हौसाक्काने नट काढले, चाक बाजूला घेऊन आडवं पाडलं, पहारीने टायर उचकटला, ट्यूब ओढून बाहेर काढली. काट्याची जागा कानशीने घासली, सोल्युशन लावलं, पॅच ठोकला. सगळ्यांचे हात नुसते शिवशिवत होते. अप्पा हत्तींना तर राहवेचना. हौसाक्का ट्यूब आत घालून पायपंप मारायला लागली, तशी अप्पांनी सोंड पुढे केली.

"हत्ती, सोंड मागे!" साहेब ओरडले.

"मी आळस देतोय साहेब."

"द्या. पण चाकाखाली नको."

खरी परीक्षा पुढे होती. आडवं पडलेलं ते मागचं चाक उभं करायचं, तेही एकटीने. हौसाक्काने पहार घातली आणि रेटा दिला. चाक वीतभर उचललं की ती पायाने खाली दगड सरकवायची. पुन्हा रेटा, पुन्हा दगड. घामाने तिची केसाळ पाठ चिंब झाली. शेवटी चाक उभं राहिलं. तिने ते तोल सांभाळत गाडीपाशी ढकलत नेलं. चाक उचलायचं नाही, ट्रॅक्टरच खाली आणायचा, म्हणून जॅक थोडा उतरवला. भोकाला भोक जुळलं. चाक बोल्टांवर बसलं. हौसाक्का पाठीने चाक दाबून उभी राहिली आणि नटांसाठी हात लांब केला.

नट नव्हते.

म्हणजे होते. हरवू नयेत म्हणून तिने ते डब्याच्या झाकणात जपून ठेवले होते, आणि झाकण समोर माकडांच्या पायाशी. नट आणायला गेली तर चाक तिच्या मागोमाग पडणार. नाही गेली तर चाक कायम तिच्या पाठीवर.

हौसाक्का उभी राहिली. ऊन चढलं. तिच्या डोळ्यांदेखत रानाचा काळा रंग भुरका व्हायला लागला. माती वाळत होती. आता तिला खरंच रडू आलं, आणि बाळांनो, अस्वलीण रडते तेव्हा फार वाईट दिसतं.

"काय बघताय डोळे फाडून!" ती म्हणाली. "जावा की आपापल्या घरी!"

कोणी गेलं नाही. अप्पा मात्र विचारात पडले. हत्तीचा विचार सावकाश येतो, पण येतो तेव्हा वाट करून येतो.

"साहेब," अप्पा म्हणाले, "मदतीला बंदी आहे. त्रास द्यायला आहे का?"

कोल्हेसाहेबांनी हुकूम उलटून पाहिला, पालटून पाहिला. "छे! त्यावर या जंगलात कधीच बंदी नव्हती."

"मग मी या बाईला त्रास देणार!" असं गर्जत अप्पा धावले आणि त्यांनी चाकावर कपाळ टेकून असा जोर दिला की चाक बोल्टांवर घट्ट बसलं. "हलू देणार नाही तुला! बघतोच कशी पेरतेस!"

"हाणा तिला!" माकड किंचाळलं आणि त्याने पहिला नट फेकून मारला. हौसाक्काने तो झेलून बोल्टावर चढवला. दुसरा आला, तिसरा आला. माकडाचा एकही नेम चुकला नाही. मग रानडुकरं "हिची हत्यारं पळवा" म्हणत पाना घेऊन आली आणि अगदी तिच्या हातात पळवली. हरणांना काही सुचेना, म्हणून ती नुसतीच शिव्या देत जॅकचा दांडा फिरवत बसली. ट्रॅक्टर खाली टेकला. नट आवळले गेले. चाक बसलं!

कोल्हेसाहेबांना भरून आलं. एवढ्या विरोधाला तोंड देऊन एकटीने चाक बसवणारी प्रजा त्यांनी पाहिलीच नव्हती. त्यांनी लगेच वनराजांना निरोप धाडला. वनराज शाल-श्रीफळ घेऊन येणार, दिवस मावळेपर्यंत सत्कार चालणार, असं ठरलं.

तोवर हौसाक्काच्या रानातला वापसा निघून जाणार होता. तिने अप्पांकडे पाहिलं.

"या बाईचा सत्कार होऊ देणार नाही!" अप्पा गरजले. "मुर्दाबाद!"

"मुर्दाबाद!" सगळं जंगल ओरडलं. घोषणांचा असा दणका उडाला की वनराज अर्ध्या वाटेवरून परत फिरले. त्या गोंधळात ट्रॅक्टर रानात शिरला. डुकरांनी बांधावर उभं राहून "वाळून जाईल तुझं पीक" असे शाप दिले, आणि हौसाक्का तासामागून तास पेरत गेली.

सप्ताह इतका यशस्वी झाला की वनराजांनी तो पुढे वाढवला. मग आणखी वाढवला. तो अजून चालू आहे. त्यामुळे हौसाक्का आणि अप्पा आता चारचौघांत एकमेकांशी नीट बोलत नाहीत. ओढ्यावर गाठ पडली की ती म्हणते, "मेल्या, अजून जिता हायस?" आणि अप्पा म्हणतात, "तुला पुरून उरणार." दिवसातलं तेवढंच बोलणं, पण दोघंही त्यासाठी वाट वाकडी करून येतात.

ज्वारी हुरड्याला आली. कोल्हेसाहेब पाहणीला आले होते. त्यांच्यादेखत हौसाक्काने पहिली हिरवी कणसं ओंजळभर घेतली, अप्पांना एक सणसणीत शिवी हासडली आणि कणसं त्यांच्या अंगावर फेकून मारली.

अप्पांनी एकही कणीस खाली पडू दिलं नाही.

तात्पर्य: मित्रांच्या भरवशावर राहू नये. अडीनडीला धावून येतात ते शत्रूच. म्हणून चांगले शत्रू वेळीच जोडून ठेवावेत.