जेट बोटीचा कान

पाण्यात उतरणारी कुठलीही वस्तू बसवायची, तर ती गोटीराम आप्पांनीच, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. निदान आप्पांचं तसं म्हणणं होतं! विहिरीतली मोटर असो नाहीतर शेततळ्यातला पंप, हाक मारा, आप्पा पान्हा घेऊन हजर. त्यांनी बसवलेल्या दोन मोटरी विहिरीच्या तळाशी गेल्या होत्या खऱ्या, पण आप्पांच्या मते तो दोष दोराचा होता.

तेव्हा लेकीनं, छायानं, आणलेलं ते काळं यंत्र बघून आप्पा हसले.

“एवढंसं? हे तर मी डोळे झाकून बसवीन!”

आणि खरंच, डोळे झाकून बसवल्यासारखंच त्यांनी ते बसवलं.

गोष्ट दोन हजार सात सालची, दसऱ्याच्या आधीची. गंगापूर धरणाच्या फुगवट्याला लागून आप्पांचा मळा, आणि मळ्यात झेंडू ऐन भरात. एकुलती एक छाया पुण्याहून पाण्याखालच्या मोजणीचं शिक्षण घेऊन आली होती. धरणाच्या तळाशी गाळ साचत जातो. तो कुठे साचला, किती साचला, हे मोजायचं काम निघालं होतं. पाटबंधारे खात्याचे निकुंभ साहेब बुधवारी चाचणी बघायला येणार होते. तळाचं चित्र स्वच्छ उमटलं तर काम छायाला. नाही उमटलं, तर मुंबईची एक कंपनी तिला बोलावतच होती. तिथली नोकरी म्हणजे जहाजावर, सहा-सहा महिने भर समुद्रात!

आप्पांना ‘जाऊ नको’ म्हणायचं होतं. पण ज्या पोरीला आपणच ‘शिक, लांब जा’ असं सांगत वाढवलं, तिला हे कोणत्या तोंडानं सांगणार? तोंडानं सांगता येईना, म्हणून त्यांनी हातात ड्रिल मशीन घेतलं.

खरं तर घोळ बोटीपासूनच सुरू झाला होता. छाया म्हणाली होती, “आप्पा, एक साधी, संथ चालणारी बोट बघा.” आप्पा बोट बघायला गेले आणि कुठल्याशा बंद पडलेल्या पर्यटन केंद्रातून लालभडक जेट बोट घेऊन आले!

“आप्पा, मी संथ म्हणाले होते.”

“आगं, जोरात चालणारी हळू चालवता येती. हळू चालणारी जोरात चालवता येती का?”

याचं उत्तर पुढे पाण्यानंच दिलं.

जेट बोटीला बाहेर पंखा नसतो. ती पोटाखालच्या जाळीतून पाणी आत ओढते आणि मागच्या तोटीतून जोरानं बाहेर फेकते. फुगवलेला फुगा सोडून दिला की हवा फेकत पळत सुटतो ना, अगदी तशी ही पळते.

छायानं वडिलांना समोर बसवून यंत्र समजावून सांगितलं. कोवळ्या दुधीएवढी ती लांबट वस्तू तिनं त्यांच्या हातात दिली.

“आप्पा, डोंगरासमोर ओरडलं की आपलाच आवाज परत येतो ना? हे पाण्यात तेच करतं. डाव्या-उजव्या अंगाला आवाज सोडतं, परत आलेला ऐकतं, आणि त्यावरून पडद्यावर तळाचं चित्र काढतं.”

“म्हंजे तोंड बी हेच अन् कान बी हाच?”

“हो!”

“तुझ्या आईला नुसतं तोंडच हाय,” आप्पा पुटपुटले.

“कान बी हायेत!” आतून, चुलीपासून, सिंधुबाईंचा आवाज आला.

दुपारी छाया बॅटरी आणायला शहरातल्या द्वारका चौकात गेली. जाताना बजावून गेली, “मी येईपर्यंत यंत्राला हात लावू नका.” परत आली तर यंत्र बसलेलं! बोटीच्या मागच्या फळीवर, बरोब्बर मध्यभागी, थेट तोटीच्या खाली!

“मध्येच का, आप्पा?”

“चांगली वस्तू कडंला लावत्यात व्हय? देव्हाऱ्यात गणपती कुठं बसवतो आपण?”

बोट सुटली. किनाऱ्यावरचे बगळे दचकून उडाले. पडद्यावर मात्र पिंजलेल्या कापसाशिवाय काही दिसेना. तोटीतून सुटणारा सगळा फेस त्या यंत्राच्या कानात जात होता.

“कुणी तुमच्या कानाशी ढोल बडवत असेल,” छायानं विचारलं, “आणि आईनं मळ्यातून हाक मारली, तर ऐकू येईल का?”

“तुझ्या आईची येईल.”

“आप्पा!”

“बरं बरं, नाय येणार.”

आप्पांनी भोकं बुजवली. दुसऱ्या दिवशी यंत्र कडेला लावायचं ठरलं. छायानं पेन्सिलीनं खूणही करून दिली. पण स्क्रू पिळता पिळता आप्पांच्या मनात आलं, एवढी नाजूक वस्तू, खालच्या खडकाला आपटली तर? लेकरू थंडीत निघालं की आपण त्याला टोपी घालतोच ना! तशा मायेनं त्यांनी ते यंत्र वीतभर वर सरकवलं. उभ्या बोटीत ते पाण्याला जेमतेम टेकत होतं. बोट वेगात निघाली, पाण्यावर उचलली गेली, आणि यंत्र हवेत! पडदा उन्हाळ्याच्या सुटीतल्या फळ्यासारखा कोरा.

“बहिरं निघालं गं हे!”

“आप्पा, ते पाण्याबाहेर होतं.”

एव्हाना मागच्या फळीची चाळणी झाली होती. सिंधुबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. “अवो, ही भोकं पाणी आत यावं म्हणून पाडताय का बाहेर जावं म्हणून?”

छाया रागावली असती तर आप्पांना बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. शेजारी येऊन बसली, त्यांच्या हातातून पान्हा काढून घेतला आणि म्हणाली, “राहू द्या आता. मी लावते, तुम्ही फक्त पट्टी धरा.” मग हसत हसत, “आणि नाहीच जमलं तर मुंबईचं काम काही वाईट नाही हो.”

आप्पांनी पट्टी धरली. पहिलीतलं पोर धरतं तशी, दोन्ही हातांनी. छायानं यंत्र जिथे हवं तिथे, जेवढं खोल हवं तेवढं खोल बसवलं. आप्पांची मान वर झाली नाही.

बुधवारी निकुंभ साहेब आले. सिंधुबाईंनी बोटीची पूजा मांडली. फूलवाल्यांच्या घरची पूजा ती! हळदकुंकू झालं, नारळ फुटला, मग हार निघाला. त्याला हार म्हणायचं की काय म्हणायचं! झेंडूचा आख्खा वाफा दोऱ्यात ओवला होता.

“आजून एक येढा मार,” आप्पा म्हणाले. “सायेबांना दिसू दे.”

“आई, हार काढून ठेवू का?” छायानं विचारलं.

“ऱ्हाऊ दे गं. लेकरू खोल पाण्यावर चाललंय.”

आईच्या चेहऱ्याकडे बघून छायानं हार राहू दिला. “आप्पा, आज मात्र हळू. माणूस चालतो तितकंच.”

आप्पांनी आज ऐकायचं ठरवलं होतं. त्यांनी बोट अगदी हळू सोडली. पण जेट बोटीला सुकाणू नसतं! पाण्याचा मारा कमी झाला की तिला वळणही कळत नाही आणि सरळही कळत नाही. ती लग्नातून जेवून निघालेल्या पाहुण्यासारखी डुलत डुलत निघाली. पडद्यावर धरणाच्या तळाची जिलबी झाली.

“हे काय आहे?” साहेबांनी चष्मा पुसला.

 छायानं ओठ आवळला. लहानपणी पाढा चुकला की ती असाच ओठ आवळायची. आप्पांना ते बघवेना. सरळ चालायला हवी ना? त्यांनी दांडा पुढे ढकलला!

बोट सरळ झाली. इतकी सरळ, की साहेब मागच्या मागे बसले. हाराचं टोक निसटून पाण्यात पडलं, बोटीखाली गेलं, जाळीनं ते आत खेचलं आणि मागच्या तोटीतून केशरी पाकळ्यांचं कारंजं उडालं! किनाऱ्यावर सिंधुबाईंनी हात जोडले. त्यांना वाटलं, यंत्राचंच काहीतरी असेल.

मग इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. आणि गप्प झालं.

भर पाण्यात बोट थांबली, तसं साहेबांनी आधी लांबच्या किनाऱ्याकडे पाहिलं, मग आप्पांकडे.

“वल्ही आहेत?” त्यांनी विचारलं.

“सायेब, उडत्या इमानाला कुनी बैल जुंपतं का?”

शेवटी बसायच्या दोन फळ्या उचकटल्या. एका बाजूला आप्पा, दुसऱ्या बाजूला साहेब. आप्पांच्या हातात नांगराचा जोर. बोट जागच्या जागी गिरकी घेऊ लागली.

“आप्पा, साहेबांच्या बरोबरीनं मारा!”

“त्येंना म्हन माझ्या बरोबरीनं मारा!”

“अहो, मी दिवसभर खुर्चीत बसतो!” साहेब धापा टाकत म्हणाले.

आप्पांनी हात सैल केला. हां... हूं... हां... हूं... दोघांचा मेळ बसला. ना फेस, ना आवाज, ना धक्का. बोट निजलेल्या बाळाला उचलून न्यावं तशी निघाली.

“थांबू नका!” छाया ओरडली. “कुणीही थांबू नका!”

पडद्यावर तळ उमटत होता. डावीकडे जुन्या नदीचं वळण, उजवीकडे बुडालेल्या शेतांचे बांध, आडवं पडलेलं एक झाड, त्याच्या फांद्यांसकट! छाया पडद्यावर बोट ठेवून सांगत होती, “हा सपाट भाग गाळाचा, साहेब. इथे सावली पडलीय ना, म्हणजे ही वस्तू उंच आहे. सावलीवरून उंची काढता येते.” साहेब फळी मारता मारता शाळेतल्या मुलासारखे मान हलवत होते.

आप्पांना पडद्यातलं फारसं कळलं नाही. ते लेकीकडे बघत होते. घरी ‘आप्पा, आप्पा’ करणारी ही पोर साहेबाला शिकवतेय! त्यांची फळी पाण्यातच थांबली.

“आप्पा, वल्हं!”

“हां, हां!” आप्पांनी बाहीनं डोळे पुसले. पाणी उडालं होतं, दुसरं काय!

किनाऱ्याला लागल्यावर साहेब बराच वेळ दगडावर बसून राहिले. दम परत आल्यावर म्हणाले, “चित्र उत्तम आहे. काम तुमचं, छायाताई. पण मोजणी याच चालीनं व्हायला हवी. इंजिन बंद.”

“वल्ही आणते, साहेब. दोन माणसं लागतील.” छायानं वडिलांकडे पाहिलं.

“मी? जेट बोट घिऊन वल्हं मारू? गाव काय म्हनंल?”

“बरं, मग मी दुसरं कुणी बघते.”

“दुसरं कशाला?” आप्पा ताडकन उठले. “दुसऱ्याला त्या यंत्राची काय माहिती!”

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आप्पा झेंडूच्या पाट्या घेऊन बाजारात उतरले, तेव्हा शेजारच्या सोमानं हटकलं, “गोटीरामभाऊ, हल्ली दिसत नाय कुठं?”

“जेट बोटीवर असतो,” आप्पा म्हणाले. “लेकीसंगं.”

“लय भारी! अन् हाताला ही फडकी का गुंडाळलीत?”

आप्पांनी दोन्ही तळहातांवरच्या फोडांकडे पाहिलं.

“आरं, स्पीड लय हाय तिला! घट्ट धरून बसावं लागतं!”