कासवाचे लंघन आणि घुबडाचे आधण

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांची मिळून एकच चूल होती. जंगलात चूल कशी, असे विचारू नका. जिथे घुबडाला शास्त्री म्हणतात, तिथे चूल असण्यात नवल ते काय?

त्या जंगलाचा एक रिवाज होता. तापातून उठलेल्याचे लंघन सामाईक चुलीवरच्या मऊ भातानेच सुटायचे. तोवर पाण्याखेरीज काही तोंडात घालायचे नाही. हा भात रांधण्याचा मान भागूबाई अस्वलिणीचा.

एकदा कासवआजोबांना ताप आला. तो कासवाच्याच गतीने आला आणि त्याच गतीने गेला. त्यामुळे लंघन फार लांबले. पोट पाठीला लागले; पण वर कवच असल्याने ते कोणाला दिसले नाही.

चुलीपाशी येऊन आजोबा क्षीण आवाजात म्हणाले, "भागू, आधण ठेव गं."

"काय ठेवू?"

"आधण. तांदूळ शिजवायला आधी पाणी उकळत ठेवतात ना, ते."

"मग पाणी ठेव म्हणा की! ताप डोक्यात गेला वाटतं."

भागूबाईंनी पाणी ठेवले. ते खळखळू लागले. त्यांनी तांदळाची ओंजळ उचलली, तोच वरच्या फांदीवरून आवाज आला, "थांबा!"

दिवसा झोपणारे घुबडशास्त्री खडबडून जागे झाले होते. आधण हा शब्द त्या जंगलात कित्येक वर्षांत कोणी उच्चारला नव्हता.

"भागूबाई, तांदूळ पडले तर आधणाचे काय होईल?"

"भात होईल."

"म्हणजे आधण उरणार नाही! इतक्या दुर्मिळ शब्दाची हत्या, आणि तीही माझ्यादेखत?"

"अहो शास्त्रीबुवा, पाणी आहे ते."

"मघापर्यंत पाणी होते. आता तो वारसा आहे."

चुलीभोवती कुंपण पडले. मोर पहाऱ्याला उभा राहिला. पाणी आटले की हत्ती सोंडेने भर घाली. शब्द जंगलभर रुजला. वाटेत दोघे भेटले की एक विचारी, "आधण काय म्हणतंय?" दुसरा म्हणे, "उकळतंय, तुमच्या कृपेने." आधणाचा शोध कोल्ह्यांच्याच पूर्वजांनी लावला, असे व्याख्यान कोल्ह्याने दिले.

शब्दाचे अखेरचे जाणकार म्हणून कासवआजोबांचा सत्कार झाला. त्यांना शाल दिली. नारळही दिला, पण लंघन सुटलेले नव्हते, म्हणून तो लगेच परत घेतला.

"शास्त्रीबुवा," आजोबा कण्हत म्हणाले, "ज्याने शब्द दिला, तोच मरायला टेकलाय."

"काळजी नसावी, आजोबा. शब्द आता सुरक्षित आहे."

आजोबांनी मान कवचात ओढून घेतली. बराच वेळ विचार केला. मग मान बाहेर काढून म्हणाले, "माझ्यापाशी आणखी एक शब्द आहे. वैरणे."

शास्त्रीबुवांचे डोळे मुळातच वाटोळे. ते आणखी वाटोळे झाले. "अर्थ?"

"आधणात तांदूळ सोडणे. पण क्रियापद पडलं बिचारं. कोणी केल्यावाचून ते जगत नाही."

शास्त्रीबुवा फांदीवर येरझाऱ्या घालू लागले. आधण राखावे, तर वैरणे मरते. वैरावे, तर आधण मरते. परंतु आधण आता जंगलभर सगळ्यांच्या तोंडी होते, आणि वैरणे अगदी ताजे होते. नव्या शब्दाचा मोह कोणत्या विद्वानाला आवरला आहे? त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "वैरा!"

भागूबाईंनी तांदूळ वैरले. टाळ्यांचा कडकडाट झाला. हळूहळू भात शिजला.

"याला कुंपण ठेवायचं का?" मोराने विचारले.

शास्त्रीबुवांनी पातेल्यात डोकावून नाक मुरडले. "छे! हा तर भात. घरोघरी ठाऊक असलेला शब्द. त्याला काय जपायचे? खाऊन टाका."

कासवआजोबांनी शेवटचे शीतसुद्धा सोडले नाही.

शास्त्रीबुवा अदबीने खाली उतरले. "आजोबा, आणखी एखादा शब्द?"

"आत्ता नाही आठवत, बाबा," आजोबा ढेकर देत म्हणाले. "उद्या भूक लागली की आठवेल."

तात्पर्य: ज्ञान दिल्याने वाढते, हे खरेच आहे. परंतु एका जेवणाला एकाहून अधिक शब्द देऊ नये.