तात्यांची हाक

आमच्या शेजारच्या तात्यांकडे गेलात तर चहा मिळेल, पण आधी अंगणात उभं राहावं लागेल. काडी पेटवण्यापूर्वी तात्या छपरावरच्या बांबूला बांधलेली चिंधी बघतात आणि पाहुण्यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला हाकलतात. "आदी वारा बगा," हे त्यांचं पालुपद. नव्या जावयानं पहिला चहा तुळशीपाशी उभ्यानं घेतला. पुढच्या खेपेला तो महाडातच चहा पिऊन आला.

तात्या मूळचे पोलादपूरचे, पण नोकरी सगळी लांब, पूर्व किनाऱ्याकडे. देशाचं पहिलं कमी पल्ल्याचं क्षेपणास्त्र घडत होतं, तेव्हा त्यात इंधन भरणाऱ्या तुकडीत ते होते. सुरुवात कशी झाली विचारलं, की सांगतात, आधी परदेशातलं एक क्षेपणास्त्र उघडून बघितलं, घड्याळ उघडतात तसं. परत मिटेना, म्हणून नवीनच केलं. तुम्ही काय बनवलंत, असं विचारलं तर म्हणतात, "बनवला सायबांनी. आमी नुसता पाजला."

इथवर गंमत आहे. पण विहिरीवर, न्हाणीत, कुठंही तात्या मध्येच थांबून हाक देतात, "बाळू, हायस?" आणि कान देऊन उभे राहतात. घरात बाळू नावाचं कोणी नाही. भर दुपारी, चिंधीही हलत नसताना ती हाक ऐकली, की माझ्या अंगावर काटा येतो. त्यांची कुत्री मात्र त्या रिकाम्या जागेकडे बघून शेपटी हलवते.

तात्यांच्या बायकोनं, काकूंनी, मला एकदा सांगितलं. ते इंधन विषारी, म्हणून भरायला दोघं दोघं जात. मुखवट्यातून दिसायचं कमी, तेव्हा एकानं सारखी हाक द्यायची, दुसऱ्यानं 'हाय' म्हणायचं. बाळू तात्यांचा जोडीदार. एकदा नळी सुटली, पिवळा धूर झाला आणि हाकेला उत्तर आलं नाही. तात्या बाहेर पडले. बाळू नाही.

गेल्या श्रावणात तात्यांना स्कूटरवर मागे बसवून मी आंबेनळी घाट उतरत होतो. वळणावर असं धुकं आलं, की पुढचं चाक दिसेना. मी गाडी बंद केली. पाखराचासुद्धा आवाज नव्हता. खांद्यावर तात्यांची बोटं रुतली.

"बाळू, हायस?"

मी घाबरलो. दरीकडून कोणीतरी ओ देणार, असं क्षणभर खरंच वाटलं. हाक पुन्हा आली, आता रडवेली. आणि मला फार वाईट वाटलं. हा माणूस इतकी वर्षं त्या धुरातच उभा होता.

"हाय," मी म्हणालो.

बोटं सैल झाली. तात्या गाडीवरून उतरले.

"मग चल रे," ते म्हणाले, "भायेर पडू." आणि वारा न बघताच पुढे झाले, माझं मनगट घट्ट धरून.