सुनंदाच्या मनगटावरचा मी

फॉर्म भरावा तर आम्हीच! चौतीस वर्षं ऑफिसात काढली ती काय उगाच? मरोळच्या आमच्या सोसायटीत कुणाचा पासपोर्ट असो की नातवाची शाळा, फॉर्म आधी माझ्याकडे येतो. फुली दिसली की सही! मधला मजकूर वाचत बसणं हे नवशिक्यांचं काम.

त्यामुळे इरावती नावाची एक तरतरीत संशोधक मुलगी सोसायटीच्या हॉलमध्ये आली आणि साठीपुढच्या लोकांची झोप आणि हृदयाचे ठोके यांच्या अभ्यासासाठी माणसं हवीत म्हणाली, तेव्हा पहिला हात माझा वर गेला.

"काका, संमतीपत्र चौदा पानांचं आहे. घरी शांतपणे वाचा, मग सही करा."

"अगं, पेन दे!" चाळीस सेकंदांत चौदाही पानं उरकली. घड्याळासारखा बँड कुरिअरने येईल, तो मनगटावर बांधायचा, त्यातली माहिती माझ्या फोनवरून त्यांना जाईल, आणि रोज संध्याकाळी फोनवर चार प्रश्नांची उत्तरं द्यायची, एवढं तिने तोंडी सांगितलं. बिचारी आणखीही काही सांगत होती, पण तोवर चहा आला.

बँड आला तो नेमका सतरा तारखेला. सतरा तारखेला आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली, हे मला दुपारी साडेबारापर्यंत माहीत नव्हतं. साडेबाराला कळलं, कारण माझ्या बायकोने, सुनंदाने, खोका उघडला होता!

"अय्या, अहो! घड्याळ! लक्षात होतं तुमच्या? आणि रंगही माझ्या आवडीचा, जांभळा!"

आता तुम्हीच सांगा, मी काय करणार? मी 'हो' म्हणालो नाही. 'नाही'ही म्हणालो नाही. मी नुसता हसलो. अडतीस वर्षांत नवऱ्याने आपल्या मनाने आणलेली ही पहिलीच भेट म्हणून तिने तो बँड अख्ख्या मजल्यावर दाखवला. अंघोळ सोडली तर हातातून काढेना!

दोन दिवसांत दुसरं घड्याळ आणून अदलाबदल करू, असं मी ठरवलं. दोनाचे चार झाले. फोन मात्र रोज संध्याकाळी विचारायचा, झोप कशी लागली? मी अगदी प्रामाणिकपणे माझी झोप लिहायचो. म्हणजे ठोके सुनंदाचे, झोप माझी, असा एक नवाच माणूस त्या संशोधनात नांदू लागला!

आठव्या दिवशी इरावतीचा फोन आला.

"काका, तुम्ही दुपारी दोन ते चार झोपता ना?"

"गाढ!"

"पण त्या वेळात तुमची रोज दीड हजार पावलं पडतात. तुम्ही झोपेत चालता का?"

"थोडंसं," मी म्हणालो.

झालं! तिने तिच्या सरांना सांगितलं. चाराचे बारा प्रश्न झाले. झोपेत दार उघडता का? झोपेत जिना उतरता का? सुनंदा त्या वेळी दळण आणायला खाली जायची, म्हणून मी 'हो' लिहिलं. सर म्हणे फार खूश होते.

मी घोरत असताना ही बाई एवढी राबते, हे मला फोनने सांगावं? मला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून लगेच कुणी खरं बोलतं असं थोडंच आहे!

तिसऱ्या आठवड्यात पुन्हा फोन. या वेळी आवाज वेगळा होता.

"काका, घाबरू नका. पण या आठवड्यात तीनदा तुमचे ठोके अनियमित आले आहेत. हे निदान नाही. तरी उद्याच ईसीजी काढा. असं काही दिसलं तर तुम्हाला कळवू, हे संमतीपत्रात नवव्या पानावर आहे."

आत सुनंदा कोथिंबीर निवडत बसली होती.

मी थेट खालच्या मजल्यावर रतनकडे गेलो. ऑफिसपासूनचा दोस्त. "रतन, वाट लागली यार!"

त्याने सगळं ऐकून घेतलं. "अरे, मग सांग ना तिला!"

"कसं सांगू? भेट आहे रे ती!"

"श्याम, तुला भेट वाचवायचीय की बायको?"

मी वर आलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. सुनंदाने आधी बँडकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे तीन आठवडे कुणीतरी माझे ठोके मोजतंय, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही?"

"नाही."

"आणि सतरा तारीख?"

"विसरलो होतो."

तिने बँड काढून कोथिंबिरीशेजारी ठेवला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला रडूच फुटलं. "काय वाटेल ती शिक्षा कर, पण उद्या ईसीजीला चल गं!"

"रडताय काय लहान मुलासारखे?" तिने पदराने माझा चष्मा पुसला. "दोन महिने धडधड होतेय मधूनमधून. पित्त असेल म्हणून तुम्हाला बोलले नाही."

ठोक्यांत खरंच गडबड निघाली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. रोजची गोळी आणि तपासण्या लागल्या. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि इरावतीकडे कबुली द्यायला गेलो. सुनंदाही आलीच.

"काका! बँड तुम्हाला दिला होता, पण हृदय काकूंचं होतं!" इरावतीने कपाळाला हात लावला. "त्यांची संमतीच नाही. ही सगळी माहिती पुसावी लागेल, एथिक्स कमिटीला कळवावं लागेल. काकू, माफ करा. आम्हीही बँड काकांच्या हातात बांधूनच द्यायला हवा होता." झोपेत जिना उतरणारा तो दुर्मीळ माणूस त्याच दुपारी पुसला गेला. सर म्हणे जेवले नाहीत.

"काकूंना स्वतःच्या नावाने यायचं असेल तर या. सक्ती नाही," इरावती म्हणाली.

सुनंदाने चौदा पानं घरी आणली. दोन दिवस वाचली. खुणा केल्या. मग फोन लावला. "मी कुठे जाते तेही दिसतं का? मध्येच सोडलं तर पुसता का? आणि घरच्यांना दाखवता?"

"तुम्ही हो म्हणालात तरच, काकू."

तिने सही केली, आणि घरच्यांच्या चौकटीत ठसठशीत अक्षरांत 'नाही' लिहिलं.

आता तिचे ठोके इरावतीला ठाऊक, डॉक्टरांना ठाऊक. मला नाहीत. म्हणून संध्याकाळी मी तिच्याजवळ बसतो आणि विचारतो, "सुनंदा, बघू का?" दहातून सात वेळा ती हात पुढे करते. मी मनगटावर दोन बोटं ठेवून मोजू लागतो. तिचा हात उबदार असतो, आणि तीसच्या पुढे माझा आकडा रोज चुकतो.

हे अजून तिला सांगितलेलं नाही!